तुडुमात घातलेला हात

कलाबाईला सिनेमे आवडत नाहीत असं कोणी म्हणालं, तर ते साफ खोटं. सिनेमे तिला फार आवडत. राग यायचा तो ते काढणाऱ्यांचा, आणि तो राग पोटात ठेवून ती घरी नेत नसे. तिथेच, हॉलमध्ये, सगळ्यांदेखत मोकळा करायची.

दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी मोहटोल्याहून कोणाच्या तरी गाडीमागे बसून ती अड्याळला यायची आणि तिथून एसटीने भंडाऱ्याला. तिची भाची राखी तिथल्या एका वाचनालयात ग्रंथपाल होती. वाचनालयाच्या माडीवर पांढरी चादर ताणून राखी आणि तिची दोस्तमंडळी सिनेमे दाखवत. टॉकीजमध्ये न लागणारे, नावाजलेले नट नसलेले, कोणीतरी स्वतःच्या हिमतीवर काढलेले सिनेमे. बघायला प्राध्यापक, दोन वकील, कॉलेजातली काही मुलं, आणि पहिल्या रांगेत चप्पल काढून, पाय खुर्चीवर घेऊन बसलेली सत्तावन्न वर्षांची कलाबाई. सिनेमा संपला की चर्चा. प्राध्यापक 'अवकाश' आणि 'मौन' असले शब्द काढायचे. मग राखी भीतभीत विचारायची, "आत्या, तुले काय वाटलं?" आणि सगळे सावरून बसायचे.

एकदा डोंगरातल्या कुठल्याशा म्हातारीवरचा माहितीपट होता. कलाबाई उठली. "पंधरा मिन्टं थे बुढी भाकर थापून राहिली. पन भाकर खाल्ली कोनं, थे दाखवलंच नाई. काहून? जेवाले हेच बसले असन, कॅमेरेवाले." हॉल हसला. कलाबाई नाही हसली, कारण ती गंमत करत नव्हती. दुसऱ्या वेळी एका नावाड्यावरचा सिनेमा होता, परदेशात बक्षीस मिळालेला. त्यात नावाडी सकाळी नदी ओलांडतो आणि संध्याकाळी परत येतो. कलाबाई म्हणाली, "सकारचं पानी गढूर हाये, संध्याकारचं निवर. एका दिवसात नदी निवरत नाई. हे दोन महिन्याचं काम एका दिवसात दाखवून रायले, आनं खाली लिवते का 'एक दिवस'. मंग हे खरं कायचं?" प्राध्यापकांनी समजावलं की संकलन नावाची गोष्ट असते. कलाबाई म्हणाली, गावात त्याला दुसरं नाव आहे.

तिची बघायची रीतच निराळी. माणसांचे चेहरे ती फारसे बघत नसे. कॅमेरा समोर आला की चेहऱ्याला खोटं बोलता येतं, हातांना तितकं येत नाही आणि पाण्याला तर मुळीच येत नाही, असं तिचं पक्कं मत. बाईच्या डोक्यावर घागर दिल्याशिवाय यांचा सिनेमाच सुरू होत नाही, गरिबाच्या घरात शिरले की आधी फुटकी भांडी शोधतात, प्रश्न विचारतात आणि उत्तर सुरू झालं की खिडकीतली चिमणी दाखवतात. ही तिची कायमची तक्रार.

एक सिनेमा मात्र तिला मनापासून आवडला. बिड्या वळणाऱ्या आपल्या आईवर एका मुलीने काढलेला, वीस मिनिटांचा. त्यात आई बोलता बोलता थांबते, डोळे पुसते आणि म्हणते, "बंद कर आता." आणि मुलगी खरंच बंद करते. चादरीवर नुसता काळोख, आणि मागे तेंदूपानाचा आवाज. त्या दिवशी कलाबाई एवढंच म्हणाली, "हे पोरगी आयकते."

हे सगळं बघायला ती येत होती त्यालाही कारण होतं. तिच्यावरच एक सिनेमा निघाला होता, आणि तो अजून तयार होऊन यायचा होता. हे लोक माणसाचं काय करतात ते तिला आधी बघून ठेवायचं होतं.

कलाबाई मोहटोल्याच्या तळ्याची पाणकर. पाणकर म्हणजे तळ्याचं पाणी कोणाच्या बांधीला, म्हणजे धानाच्या खाचराला, कधी आणि किती द्यायचं हे सांभाळणारा माणूस. गाव नेमतं, आणि त्याचा शब्द गाव मोडत नाही. तिचा नवरा देवाजी बावीस वर्षं पाणकर होता. तो गेला तेव्हा बाई कशी पाणकर होणार म्हणून गावाने नाक मुरडलं. सभेत एकच माणूस उठला. तो ताराचंद, देवाजीचा मित्र, तळ्याच्या खालच्या अंगाला ज्याची बांधी आहे तो. "देवाजी बिमार होता तवा दोन साल पानी कोनं वाटलं? वैनीनंच ना? तवा तुमच्या धानाले बाईचा हात समजला नाई काय?" असं तो बोलला आणि विषय संपला. कलाबाई सात वर्षांपूर्वी पाणकर झाली ती ताराचंदच्या त्या तीन प्रश्नांवर. हे ध्यानात ठेवा.

तळ्याच्या पाळीत, म्हणजे बांधात, एक दगडी खांब आहे, त्याला तुडुम म्हणतात. त्याला एकाखाली एक भोकं, आणि प्रत्येक भोकात लाकडी बुच. जसं पाणी उतरतं तसं खालचं बुच काढायचं. परत बसवताना त्याला तरटाचा तुकडा गुंडाळायचा, वरून चिकणमाती लिंपायची, नाहीतर पाणी झिरपत राहतं. कार्तिकात धान हाती आलं की तुडुम बंद. उरलेलं पाणी गुराढोरांचं, मासळीचं आणि पुढच्या पऱ्ह्यांचं, म्हणजे धानाच्या रोपांचं. मग गावाने नारळ फोडल्याशिवाय त्याला कोणी हात लावत नाही. आणि दर पौर्णिमेला कलाबाई तुडुमाच्या खांबावर, पाण्याला टेकून, बोटाने चुन्याची रेघ ओढते. देवाजीही ओढायचा. त्या रेघा म्हणजे तिची वही.

अडीच वर्षांपूर्वी, माघात, पुण्याहून निनाद नावाचा दिग्दर्शक आला. बरोबर दोन माणसं आणि पेट्याच पेट्या. बाई पाणकर आहे हे त्याने कुठेतरी वाचलं होतं. महिनाभर ते गावात राहिले, कलाबाईच्याच हातचं जेवले. निनाद गोड होता. तिला 'कलाताई' म्हणायचा, ताट स्वतः धुवायचा. कलाबाईला सवय नव्हती कोणी आपल्याकडे दिवसभर बघत राहण्याची. काही दिवसांनी ती पदर नीट करूनच दाराबाहेर पडायला लागली. पाळीवर चालताना थोडी हळू चालायला लागली. तिच्या लक्षातही आलं नाही. तिचा मुलगा भुपेंद्र, सव्वीस वर्षांचा, त्यांच्या पेट्या उचलायचा, गावात वाट दाखवायचा. त्याला तर आकाश ठेंगणं झालं होतं.

एक दिवस निनाद म्हणाला, "कलाताई, तुडुम उघडतानाचा एक शॉट हवा. पाणी जोरात बाहेर पडताना." कलाबाई म्हणाली, "आश्विनात ये." तो म्हणाला, पाचच मिनिटं. ती म्हणाली, "पाच मिन्टं नाई न् पाच सेकंद नाई. नारळ फोडल्याबिगर बुच निघत नाई." तो हसला आणि गप्प बसला. तिला वाटलं, समजला.

होळीनंतर तिसऱ्या दिवशी सकाळी ती पाळीवर गेली आणि खांबापाशी वाकली. पौर्णिमेच्या रेघेखाली पाणी वीतभर उतरलं होतं. बुचाभोवतीची माती ओली, आणि पाटातून पाण्याची बारीक धार. धारेमागे ती चालत गेली. धार थेट ताराचंदच्या बांधीत. बांधी भरलेली.

मागून कॅमेरा येतच होता. गाव जमलं. ताराचंद घरून धावत आला, बांधीकडे बघून मटकन बसला आणि म्हणाला, "वैनी, म्या नाई." कलाबाईने त्याला पुरतं बोलूही दिलं नाही. मोहटोल्यात जुना दंडक आहे, ज्याच्या बांधीत पाणी, चोरी त्याची. उन्हाळी धानासाठी जमीन भिजवून घेतली, दुसरं काय. पदर खोचून, आवाज चढवून, कॅमेऱ्याला तीन हातांवर ठेवून तिने सगळ्या गावासमोर सांगितलं, "पानी कोनाच्या बापाचं नाई. देवाजीचा दोस्त असो का कोनी असो. तीन साल तुमची पारी शेवटची." गाव माना हलवत परतलं. निनादने तिला वाकून नमस्कार केला. "काय ताकद आहे तुमच्यात," म्हणाला. आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं.

शेवटची पाळी म्हणजे काय ते शेतकऱ्यालाच विचारावं. धान पोटरीवर आलेलं असतं, पाण्यासाठी आ वासून उभं असतं, आणि पाणी पोचतं तेव्हा निम्मी लोंब पोचट झालेली असते. ताराचंदने दोन हंगाम ते सोसलं. पण ते एकवेळ परवडलं. त्याच्या रोवणीला बाया येईनात. त्याची बायको रुखमा विहिरीवर आली की बोलणं थांबायचं. पोरांनी त्याचं नाव 'पाणचोर' पाडलं, आणि गावात नाव पडलं की ते सातबाऱ्यापेक्षा पक्कं. ताराचंदने परत कधी सफाई दिली नाही. पाळीवर समोरून कलाबाई आली की तो पाटात उतरून वाट द्यायचा. तिला वाटायचं, लाजतो आहे.

भाद्रपदातल्या तिसऱ्या रविवारी वाचनालयाच्या माडीवर तिचा सिनेमा लागला. 'तळ्याची राखण'. निनाद स्वतः आला होता. हॉल खचाखच भरलेला. भुपेंद्र नवा शर्ट घालून आईशेजारी बसला होता, कारण शेवटी नावांच्या यादीत त्याचंही नाव येणार होतं.

सिनेमा सुंदर होता. हेच तर दुःख. तळं एवढं देखणं कलाबाईनेही कधी पाहिलं नव्हतं. मध्यावर ताराचंदचा निवाडा आला. चादरीवरची कलाबाई कडाडली, "पानी कोनाच्या बापाचं नाई!" आणि हॉलने टाळ्या वाजवल्या. एक वकील "वाघीण!" म्हणाला. तिच्यासमोर मातीत बसलेला ताराचंद मोठा दिसत होता, घरापेक्षा मोठा, मान खाली घातलेला चोर. कलाबाईला पहिल्यांदा वाटलं, एवढं मोठं दाखवायची काय गरज होती.

शेवटाला बासरी वाजली. पाळीवर पळस पेटलेला, आणि एक हात तुडुमाचं सगळ्यांत खालचं बुच ओढून काढतो. पाणी उसळून बाहेर पडतं, उन्हात चमकतं, आणि मागून कलाबाईचा आवाज, "पानी सगळ्याईचं हाये." लोक उभे राहिले. टाळ्या थांबेनात.

कलाबाई बसूनच होती. "राखे," ती म्हणाली, "मागं घे."

"आत्या, संपला आता."

"मागं घे म्हनलं ना!"

हा आवाज राखीच्या ओळखीचा होता. तिने लॅपटॉपवर मागे घेतलं. कलाबाई उठून चादरीजवळ गेली, इतकी जवळ की सिनेमातलं पाणी तिच्याच अंगावरून वाहायला लागलं. तिने चादरीवर बोट ठेवलं. तुडुमाच्या खांबावर चुन्याची रेघ, पांढरीशुभ्र, ताजी. आणि पाणी त्या रेघेला टेकलेलं. वर पळस. ही होळी पौर्णिमेची रेघ होती. तिसऱ्या दिवशी पाणी तिच्याखाली वीतभर उतरलं होतं, ते परत तिच्यापर्यंत चढलंच नव्हतं. म्हणजे हे चोरीच्या आधलं, त्याच दोन दिवसांतलं. म्हणजे चोरी हीच.

मग तिने हात बघितला. अंगठ्याचं नख अर्धं. लहानपणी विळ्याखाली आलेलं ते नख तिने स्वतः हळद भरून बांधलं होतं.

तिने मागे वळून पाहिलं. भुपेंद्र मान खाली घालून अंगठा मुठीत लपवत होता.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. आणि फाशी देणारी कोण, तर हीच बाई, जिला नावाड्याच्या नदीचं गढूळ पाणी दिसतं, भाकरी कोणी खाल्ली ते दिसतं. कलाबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिने निनादकडे बोट केलं.

"थ्या दिवशी बुच तुमी काढाले लावलं?"

निनाद गोंधळला. मग त्याने खरं सांगितलं, ते त्याच्या पदरात टाकायला हवं. तुम्ही नाही म्हणालात म्हणून भुपेंद्रला विनंती केली, होळीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, तुम्ही जेवायला गेला होतात तेव्हा, पाचच मिनिटं, बुच लगेच परत लावलं, पाणी गळेल असं वाटलं नव्हतं.

"आनं ताराचंदभाऊले चोर ठरवलं तवा तुमी तिथंच उभे होते. तवा ध्यानात आलं का नाई?"

"आलं," तो हळूच म्हणाला. "पण तोवर तुम्ही निकाल देऊन टाकला होता, कलाताई. आणि इतका खरा प्रसंग होता तो. आमचं एक तत्त्व असतं. आम्ही फक्त बघतो. गावाच्या आतल्या गोष्टीत आम्ही मध्ये पडत नाही."

"तुडुमात हात घातला तवा मंधात नाई पडले?" कलाबाईचा आवाज फाटला. "आनं एका मानसाचं नाव वाचवाची टाइम आली, तवा मंधात पडाचं नवतं? माह्या चुलीवरचं अन्न खाऊन तुमी तिथं उभं राहून पाहत रायले, पाहत रायले! असं कसं पाहनं हाये हे? आमच्याकडं याले तमाशा पाहनं म्हनतेत."

प्राध्यापकांनी चष्मा काढून पुसायला घेतला. तिला मागायचं होतं ते तिने लगेच मागितलं. सिनेमात लिहा, ताराचंद चोर नव्हता म्हणून. निनाद म्हणाला, सिनेमा बाहेर चार महोत्सवांत गेलाय, आता बदल करणं अवघड आहे, बघतो. 'बघतो' हा त्याचा शब्द ऐकून कलाबाईने पायात चप्पल घातली.

स्टँडवर एसटीची वाट बघताना ती भुपेंद्रशी बोलली नाही. अड्याळ आल्यावर एवढंच विचारलं, "तरट गुंडाळलं होतं?"

"नाई. मले मालूम नवतं, माय."

"पाणकराच्या घरी जन्मला, आनं मालूम नवतं. मंग सांगतलं काहून नाई?"

"सांगनारच होतो. सकारी उठून पाहतो तं तू बोलून चुकली होती. गावासमोर, कॅमेऱ्यासमोर. म्या सांगतलं असतं तं तुहीच इज्जत गेली असती. मंग दिवस जात गेले."

त्याला मारायला उचललेला हात तिने तसाच खाली घेतला. पोर चुकलंच होतं, पण त्यात एक गोष्ट खरी होती. ती बोलून चुकली होती. कॅमेरा नसता तर ती बांधीत उतरली असती, माती हातात घेतली असती, ताराचंदला चार प्रश्न विचारले असते. त्या दिवशी तिने पाण्याकडे बघितलंच नाही. आपण कशा दिसतो ते बघत राहिली. दुसऱ्यांच्या सिनेमांना दोन वर्षं नावं ठेवणारी बाई स्वतः एका सिनेमात काम करून आली होती, आणि तिला कळलंही नव्हतं. या गोष्टीचा तिला जेवढा राग आला तेवढा निनादचाही आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भुपेंद्रला घेऊन ताराचंदच्या घरी गेली. अडीच वर्षांनी. रुखमा अंगण सारवत होती. ती उठली नाही आणि 'या'ही म्हणाली नाही. ताराचंद ओसरीवर दोर वळत बसला होता. कलाबाईने राखीकडून मोबाइलमध्ये घेतलेला तेवढा तुकडा त्याच्यासमोर धरला. पळस, रेघ, बुच, अंगठा.

"ताराचंदभाऊ, चोर माह्या घरात होता," ती म्हणाली. "म्या तुमाले चोर म्हनलं. माहं चुकलं." भुपेंद्र पुढे होऊन त्याच्या पाया पडला.

ताराचंदने तो तुकडा एकदाच बघितला. मोबाइल परत दिला. दोर वळत राहिला.

"वैनी," तो म्हणाला, "माह्या बांधीत तवा लाखोरी कापून पडली होती. वाराले टाकली होती. तुमी पाहिली होती?"

कलाबाईला आठवलं. पाण्यात तरंगणारे लाखोरीचे झोडगे, कापून ठेवलेल्या कडधान्याचे भारे. सगळ्या गावाने बघितले होते.

"आपल्याच कापल्या लाखोरीवर कोन पानी सोडते? हेच म्या तवा सांगून रायलो होतो. तुमी आयकलं नाई. देवाजीच्या बाजूले चाळीस साल बसलो मी, तवा माह्या तोंडावर तुमाले भरोसा नवता. आज हे फोटू दिसली तं भरोसा आला." त्याने दोराला गाठ मारली. "हे पोरगं नसतं सापडलं, तं मी चोरच होतो ना?"

रुखमा तेवढ्यात म्हणाली, "चहा नाई ठेवत मी." तिचं काही चुकलं नाही. कलाबाई आल्या पावली परतली.

आश्विनात तळ्यावर नारळ फुटला आणि सभा बसली. कलाबाईने सगळ्या गावासमोर भुपेंद्रला उभं करून त्याच्या तोंडून सगळं वदवलं. मग पाळ्या सांगितल्या. पहिली ताराचंदची, शेवटची स्वतःची, आणि तीन साल अशीच. कोणीतरी म्हणालं, कलाबाई, एवढं कशाला. तिने त्याच्याकडे असं बघितलं की तो चंची उघडून तंबाखू मळू लागला. पण ताराचंद उठला.

"पयली नोको," तो म्हणाला. "मी काई इनाम मांगाले नाई आलो. माही आठवी होती. आठवीच द्या."

त्याला आठवी दिली. कलाबाईने शेवटची ठेवली. सभा उठताना ताराचंद तिच्याजवळ थांबला. अडीच वर्षांत तो पहिल्यांदा आपणहून बोलत होता. "गावात झालं. आनं थ्या पिक्चरात?"

त्या पिक्चरात तो अजून मान खाली घालून बसला होता. ज्या गावांची नावंही मोहटोल्यात कोणाला घेता येणार नाहीत तिथले लोक त्याच्यावर टाळ्या वाजवत होते. त्यानंतर तिने निनादला सात वेळा फोन लावला. पहिल्या दोन वेळा तो 'बघतो' म्हणाला, एकदा म्हणाला, "कलाताई, तुमच्या या सभेचं शूट करायला हवं होतं, जबरदस्त शेवट झाला असता." त्यावर तिने जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. नंतर त्याने फोन उचलला नाही.

दिवाळीनंतर राखीचा फोन आला. नागपूरला मोठ्या हॉलमध्ये 'तळ्याची राखण' लागतोय, निनाद येतोय, नंतर प्रश्नोत्तरं आहेत. कलाबाई त्याच संध्याकाळी ताराचंदच्या अंगणात जाऊन उभी राहिली. "येता काय?" एवढंच म्हणाली. ताराचंदने रुखमाकडे बघितलं. रुखमा आत गेली आणि त्याचा धुतलेला सदरा घेऊन आली.

नागपूरच्या त्या हॉलमध्ये गुबगुबीत खुर्च्या होत्या. ताराचंदने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःला पडद्यावर पाहिलं. कलाबाई पडद्याकडे बघतच नव्हती, ती त्याच्या हातांकडे बघत होती. निवाडा आला, पडद्यावरची बाई कडाडली, आणि तीनशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. ताराचंदचे हात गुडघ्यांवर तसेच राहिले, फक्त बोटं धोतरात रुतली.

दिवे लागले. निनाद स्टेजवर आला, आणि पहिल्या रांगेतली कलाबाई दिसताच त्याचा चेहरा उतरला. माइक फिरवणारी मुलगी तिच्यासमोर थांबली. मागच्या खुर्चीतली राखी सावरून बसली, कारण आत्या आता काय बोलणार हे तिला ठाऊक होतं.

कलाबाईने माइक घेतला. ओठांशी आलेलं सगळं गिळलं, आणि माइक शेजारी ताराचंदच्या हातात दिला.

ताराचंद उभा राहिला. माइक त्याने विळा धरावा तसा दोन्ही हातांनी धरला. मागच्या लोकांना दिसावं म्हणून वळला.

"मी ताराचंद. थो चोर."

स्टेजवर निनाद काहीतरी म्हणू लागला, "सर, एक मिनिट, मी जरा स्पष्ट..."

"तू गप," कलाबाई म्हणाली. "तू नुसता पाहत राय. तुले येते ना थे."

ताराचंदने माइक तोंडाजवळ नेला. "पानी म्या नाई चोरलं," तो म्हणाला. "माह्या बांधीत तवा लाखोरी कापून पडली होती."

मग त्याला पुढचं सुचेना. त्याने कलाबाईकडे बघितलं.

"सांगा, भाऊ," ती म्हणाली. "मी आयकून रायली."

आणि तो सांगू लागला. होळीच्या आधीपासून, पहिल्या शब्दापासून, आणि या वेळी त्याला कोणी मध्येच थांबवलं नाही.